वाया गेलेलं ऊन

परवा अण्णांचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "काय गं, ऊन कसं हाय तिकडं?"

जेवलीस का, तब्येत कशी, असलं काही नाही. मी रात्रपाळी करून नुकती टेकले होते, डोळ्यांवर झापड होती. म्हटलं, "बरं हाय." तर म्हणे, "बरं म्हंजे किती?" आता काय करायचं ह्या माणसाचं! उन्हाच्या काखेत थर्मामीटर धरू काय? पण आक्का गेल्यापासून ते एकटेच असतात, म्हणून मी चिडत नाही. चिडायलाही अंगात जोर लागतो, आणि तो आताशा माझ्यात उरत नाही.

बेळगावात शहापूरला त्यांच्या माडीवर मी पाच वर्षं भाड्यानं राहिले. दवाखान्यात नर्सची नोकरी लागली तेव्हा खोली शोधून शोधून माझ्या चपला झिजल्या. खोल्या मिळायच्या नाहीत असं नाही. मिळायच्या, मग आडनाव विचारलं जायचं, मग घरमालकाचा कुणीतरी भाचा अचानक राहायला येणार असायचा. आईनं निपाणीत विड्या वळून मला शिकवलं, आणि एवढं शिकून मी लोकांच्या भाच्यांची कौतुकं ऐकत फिरत होते. अण्णांच्या दारात उभी राहिले तीही भांडायच्या तयारीनंच. त्यांनी आडनाव विचारलं नाही. खिशातून पेन काढून म्हणाले, "मिक्सर कितीचा?"

"काय?"

"मिक्सर गं, मिक्सर. वॅट किती?"

"माहीत नाही."

"शिकल्याली हाईस न्हवं? पायताण कितीचं लागतंय ते ठाऊक, आणि मिक्सर ठाऊक न्हाई?"

मग इस्त्री, पंखा, मोबाईल, कुठलं रोज किती मिनिटं चालणार, सगळं विचारून वहीत लिहिलं, बेरीज मारली आणि मान डोलावली. "ऱ्हावा." एवढंच. सामान आणायला निपाणीला जाताना मी बसमध्ये रडले. आईला वाटलं, ह्याही वेळी नाहीच म्हणाले.

वीजखात्यात त्यांनी सगळी नोकरी मीटर तपासण्यात काढलेली. माणूस खोटं बोलतो, मीटर बोलत नाही, हे त्यांचं ठाम मत. रिटायर झाल्यावर उन्हाचं वेड लागलं. सगळी गल्ली सावलीच्या कडेनं चालायची आणि हे भर दुपारी मधोमध. "फुकट मिळतंय, घ्यावं की." कुणाची गच्ची मोकळी दिसली की खालनं ओरडायचे, "अहो, मिरच्या तरी टाका! ऊन वाया चाललंय!" स्वतःच्या गच्चीवर काळे रंगवलेले डबे मांडून पाणी तापवायचे. ते तापायचं दुपारी तीनला. मी रात्रपाळीहून येऊन झोपलेली असायची, आणि दार वाजायचं. "पाणी तापलंय. आंघोळ करून घे. वाया जाईल." पहिल्या महिन्यात दोनदा भांडले, मग गपगुमान उठून अंघोळ करायला लागले. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा अंघोळ सोपी होती.

खाली अण्णांची बायको, आक्का. जन्मभर मागावाल्यांकडं सुताच्या कांड्या भरल्या, कापसाची धूळ फुफ्फुसात गेली, आणि राहिलेलं कोरोनानं नेलं. त्यांना रात्रंदिवस ऑक्सिजन लागायचा. हवेतून ऑक्सिजन काढणारी एक मशीन कोपऱ्यात घुरघुरत असायची, तिची नळी आक्कांच्या नाकाला. नळी पुरायची उंबऱ्यापर्यंत. तिथं पाटावर बसून त्या गल्ली बघायच्या, आणि मी कामावरून आले की म्हणायच्या, "दमलीस गं बाई." दिवसभर मला कुणी बसलीस का म्हणून विचारत नाही, आणि ज्या बाईला चार वाक्यं बोलून धाप लागते ती विचारायची.

ती घुरघुर माझ्या फरशीखालून यायची. सुरुवातीला झोपच लागायची नाही.

आक्कांचं माहेर खानापूरच्या जंगलात. गावात विजेची तार कधी पोचलीच नाही. आता तर गावच उठणार होतं. लोकांना जंगलाबाहेर जागा मिळत होती, दर वर्षी पाच-सहा घरं कौलं उतरवून निघायची. आक्कांच्या भावाचा निरोप आला की दोन-चार वर्षांत आम्हीही निघू. तेव्हापासून आक्कांचं एकच चालू झालं, "एकदा अंगणात बसून यायचं हाय. एक रात्र. मग काय बी होऊ दे." त्या वाटेनं एका दिवसात जाऊन येणं त्यांच्या जिवाला झेपणारं नव्हतं. रात्र काढायलाच हवी होती, आणि विजेशिवाय मशीन नाही, मशीनशिवाय आक्का नाहीत.

म्हणून अण्णांनी मिनीबस आणली. शाळेची पोरं वाहून वाहून खिळखिळी झालेली. गल्लीच्या तोंडाशी देवळाच्या पटांगणात ती उभी केली, बाकडी उपटली, आत पलंग, पाण्याचं टाकं, गॅसची शेगडी आणि छपरावर चार सोलर पॅनेल. परदेशात म्हणे लोक असली घरं घेऊन रानात राहायला जातात. अण्णांनी मोबाईलवर बघून बघून सगळं केलं. सहा महिन्यांत गाडी तयार झाली. गणित मात्र तीन वर्षं झालं नाही.

गणित तसं साधंच. कुठली वस्तू किती वॅटची आणि किती तास चालते, त्याचा गुणाकार. सगळ्यांची बेरीज. ऊन किती तास मिळतं त्यानं भागायचं, की पॅनेल किती ते कळतं. वर "आभाळाचे दोन दिवस" धरायचे; म्हणजे दोन दिवस ऊन पडलंच नाही तरी बॅटरीनं भागवलं पाहिजे. पण त्याआधी वही. माणसानं आठ दिवस त्या गाडीत राहून प्रत्येक बटण कधी चालू केलं, कधी बंद केलं, ते वहीत लिहायचं, आणि वहीचा आकडा मीटरशी जुळला पाहिजे. जुळला नाही तर परत आठ दिवस. "आधी जगून दाव, मग पॅनेल सांगतो."

गाडीचं नाव झालं तशी माणसं विचारायला यायला लागली. बेंगळूरचं एक जोडपं आलं होतं, नवऱ्याला छातीपर्यंत दाढी. त्यांच्या गाडीत फ्रीज, विजेची शेगडी, कॉफीचं मशीनसुद्धा. अण्णांनी त्यांच्या हातात वही दिली आणि पटांगणातच मुक्कामाला लावलं. आता शहापूरच्या बायका! दारात दोन पोरं गाडीत राहतात म्हटल्यावर गप्प बसतील? सकाळी ह्या घरचं थालीपीठ, दुपारी त्या घरची भाकरी आणि झुणका, संध्याकाळी कुणीतरी कुंदा घेऊन हजर. आठव्या दिवशी अण्णांनी वही उघडली, तर शेगडी शून्य, कॉफी शून्य, फ्रीजमध्ये एक लिंबू. मीटरही तेच सांगत होता.

अण्णा पटांगणात उभे राहून गल्लीवर ओरडले, "अगं बायांनो, माझं गणित नासलंत की! आठ दिवसांत ह्यांनी एक अंडं उकडलं न्हाई! रानात ह्यांना भाकरी कोण, वाघ देणार हाय?" आणि त्या दोघांना कोगनोळीच्या नाक्याकडं हायवेच्या कडेला पिटाळलं, जिथं कुणी ओळखणार नाही, कुणी खाऊ घालणार नाही. मला म्हणाले, "ध्यानात ठेव. वही खरी, मीटर खरा, तरी गणित खोटं पडतंय कधीकधी." हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

आक्कांचं गणित असं होतं. मशीन साडेतीनशे वॅटची. रात्रंदिवस चालवली तर दिवसाला साडेआठ युनिट. छपरावर पाचवं पॅनेल मावत नव्हतं, आणि जंगलातल्या अंगणात झाडांतून ऊन मिळणार कसंबसं चार तास. कसंही फिरवलं तरी आभाळाचे दोन दिवस धरून मशीन चौदा तासांच्या वर चालत नव्हती. अण्णा दिवसभर पुटपुटायचे, "चौदा. चौदाच्या वर जात न्हाई बघ."

मी एकदा म्हटलं, "अहो, एकच रात्र जायचंय. बॅटरी इथून भरून न्या."

"आणि आभाळ आलं तर? गाडी बंद पडली तर? वाटंवर झाड आडवं पडलं तर?"

"मग ऑक्सिजनचे दोन सिलेंडर टाका बरोबर. मी येते."

त्यांचा चेहरा उतरला. "सिलेंडर संपतोय. ऊन संपत न्हाई," म्हणाले आणि उठून गेले. कारण मागून आक्कांनी सांगितलं. कोरोनात स्वतःच्या धाकट्या भावासाठी अण्णा दोन दिवस मोकळा सिलेंडर घेऊन रांगेत उभे होते. भरून घरी आणला तेव्हा तो कुणालाच लागणार नव्हता. तेव्हापासून रस्त्यात सिलेंडरची गाडी दिसली तरी दुसऱ्या कडेला जायचे. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मग चौथ्या वर्षी आक्कांच्या वहीतले तास कमी व्हायला लागले.

मशीन रोज किती तास चालली त्याची वही आक्काच लिहायच्या, पेन्सिलीनं, मोठ्या गोल अक्षरात. मशीनला अण्णांनी एक वेगळा छोटा मीटर बसवला होता, रात्री येऊन ते दोन्ही जुळवायचे. तेवीस. एकवीस. अठरा. आकडा उतरायला लागला आणि अण्णांच्या पायात बळ आलं. "फुफ्फुसं सुधारत्यात बघ! मी शिकिवलेला प्राणायाम!" मला नवल वाटलं होतं. अशी फुफ्फुसं सुधारत नाहीत, हे मला नाही कळणार तर कुणाला? पण वॉर्डात दोघींचं काम मी एकटी करत होते. घरी आल्यावर पुन्हा कुणाची नाडी बघायची म्हणजे माझ्या जिवावर यायचं. आणि खरं सांगू? दुपारची ती घुरघुर थांबली होती. कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागायला लागली होती. का थांबली, हे मी विचारलं नाही. तेवढं एक मला आजही माफ करता येत नाही.

ज्या दिवशी वहीत चौदा लागले त्या दिवशी अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले. माडी चढून मलाही दिला. "बसलं गणित! दिवाळी झाली की निघायचं." मी पेढा खाल्ला, पाणी प्याले आणि कूस बदलून झोपले.

दोन दिवसांनी दुपारी आक्कांचा डबा परत करायला खाली गेले. अण्णा गाडीपाशी होते. खोलीत कसलाच आवाज नव्हता. आक्का पलंगाच्या कडेला पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसल्या होत्या. नळी गळ्यात लोंबत होती. ओठ जांभळे. मांडीवर वही आणि पेन्सिल.

"आक्का! मशीन बंद पडली?"

त्यांनी मान हलवली. मशीनवर बोट दाखवलं, मग स्वतःवर. मीच बंद केली.

मी मशीन चालू केली, नळी नाकाला लावली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. एकोणऐंशी. माणसाला निदान नव्वद तरी असायला लागतं. मी त्यांचे हात धरून बसले, हात बर्फासारखे गार. बऱ्याच वेळानं त्यांना बोलता आलं.

"छपरावर... मावत न्हाई गं, चौदाच्या वर. आणि त्यांच्या मीटरला... खोटं चालत न्हाई. मग काय करू? खरंच बंद केली."

"मरायचंय का तुम्हाला?"

"गाव उठायच्या आत... एकदा जाऊ दे. तुला आण हाय माझी. सांगू नगंस."

रोज सकाळी अण्णा बाहेर पडले की दिवेलागणीपर्यंत ही बाई मशीन बंद करून, घड्याळाकडं बघत, श्वास मोजत बसत होती. अर्धा तास वाढवायचा, मग आणखी अर्धा. वर मी झोपलेली.

मी आण मोडली. तशीच अनवाणी पटांगणात गेले. अण्णा छपरावर चढून पॅनेल पुसत होते. मी खालून सांगितलं.

"असं कसं?" ते वरूनच म्हणाले. "वही जुळती मीटरशी. मी रोज बघतोय."

"जुळतीय, कारण त्या खरंच बंद करून बसतात. तुमच्या चौदा तासांपायी. खाली उतरा."

उतरताना त्यांचा पाय एकदा घसरला. गाडीच्या पायरीवर बसले. हातातलं फडकं घडी करत राहिले, उलगडलं, परत घडी केलं. मला वाटलं आता माझ्यावर ओरडतील, मशीनवर, देवावर, कुणावर तरी. त्यांनी फक्त विचारलं, "किती हुतं बोटावर?"

"एकोणऐंशी."

जन्मभर आकडे वाचलेला माणूस. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. तोंडावर फडकं धरून तो रडला, आणि मीही तिथंच मातीत बसून रडले, कारण मशीनच्या त्या बंद तासांत माझीही झोप होती.

मग डोळे पुसून म्हणाले, "ते सिलेंडर कुठं मिळत्यात गं?"

दिवाळी होऊन पंधरा दिवसांनी आम्ही निघालो. डॉक्टरांना विचारलं होतं. सावकाश जा आणि लगेच परत या, म्हणाले. अण्णांनी दोन्ही सिलेंडर स्वतःच्या हातानं गाडीला बांधले, एवढ्या गाठी मारल्या की सोडायला मला कात्री लागली असती. वाटेत तीनदा थांबलो. गावात पोचलो तर दहा-अकरा घरं उरली होती. आक्कांच्या भावाच्या घराची कौलं उतरलेली, भिंती उघड्या, अंगणात गुडघाभर गवत. तो आधीच खानापूरकडं राहायला गेला होता. अण्णांनी खाली उतरून विळ्यानं गवत कापलं, चटई टाकली, आणि आम्ही दोघांनी आक्कांना उचलून तिच्यावर बसवलं. गाडीतून नळी सोडली. मशीन घुरघुरायला लागली.

शेजारची एक म्हातारी काठी टेकत आली. बराच वेळ बघून म्हणाली, "आलीस व्हय गं? लई उशीर केलास. सगळी गेली की."

"ह्यांचं गणित सुटत न्हवतं," आक्का म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. अण्णा गवताचा भारा उचलून पलीकडं गेले.

रात्र नीट गेली. सकाळी ऊन वर आलं तसं परत आक्कांना अंगणात आणलं. पडक्या भिंतीला टेकून त्या बसल्या, इकडं तिकडं बघत. मग म्हणाल्या, "ती घुरघुर जरा बंद करा की. काय ऐकूच येत न्हाई."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी सिलेंडर उघडला. सिलेंडरला आवाज नसतो. नळी तिकडं जोडली, बोटाला चिमटा लावला, आकडा स्थिर झाल्यावर म्हटलं, "करा बंद." त्यांचा हात बटणापाशी गेला आणि तिथंच राहिला. मी दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कुठं त्यांनी ते दाबलं.

आधी काहीच नव्हतं. मग हळूहळू घराच्या मागचा ओढा ऐकू यायला लागला. आक्कांनी डोळे मिटले. "ह्यो," म्हणाल्या. "ह्याच्यावर मी निजायची."

बोटावर ब्याण्णव होते. ऊन झाडांच्या वर आलं आणि गाडीच्या छपरावर चारी पॅनेलवर लख्ख पडलं. गाडीतल्या मीटरवर बॅटरी भरल्याचा हिरवा दिवा लागला होता, आणि मशीन तर बंद होती. माझी जीभ काही गप्प राहिना.

"अण्णा," मी म्हटलं, "बॅटरी भरली. ऊन वाया चाललंय."

ते आक्कांच्या शेजारी मातीतच मांडी घालून बसले होते. त्यांनी छपराकडं बघितलंसुद्धा नाही.

"जाऊ दे," म्हणाले.